कर्ण सोडून बोला

2020 च्या जानेवारीत आमच्या गावात 93 वं साहित्य संमेलन भरलं. तेव्हा गाव उस्मानाबाद होतं, आता धाराशिव आहे. अध्यक्ष होते फादर दिब्रिटो. तेव्हापासून इथल्या प्रत्येकाला साहित्यावर मत आहे. वाचनाचं म्हणाल तर ते संमेलनासारखंच, दारात आलं तर जायचं. मी मात्र वाचतो. त्यामुळं माझं मत कुणी विचारत नाही, म्हणून इथं छापून घेतोय.

आधी 'मृत्युंजय'. 1967 पासून मराठी माणूस हे पुस्तक लग्नात देतो, लग्नात घेतो आणि शोकेसमध्ये ठेवतो. मी परवा पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यात कर्ण बोलतो, कुंती बोलते, वृषाली, शोण, दुर्योधन, शेवटी साक्षात श्रीकृष्ण बोलतो. पण नाव झाकून वाचलं तर कोण बोलतंय ते कळायची मारामार! या सगळ्यांना मराठी शिकवायला एकच गुरुजी असावेत, आणि गुरुजींना विशेषणांचा भारी सोस. हे मी कट्ट्यावर बोललो, तर आलेला चहा माझ्यापुढून उचलला. वर दम मिळाला, "कर्ण सोडून बोला."

सोडला. खांडेकरांची 'ययाति' घ्या, मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारी. लोक म्हणतात, ती भोगवादावर आहे. मला ती वाटणीपत्रावर वाटली. बापानं पोराचं तारुण्य मागून घेतलं, यात भूम-परंड्यात कुणाला नवल नाही. सत्तरी ओलांडलेले आबा सातबारा उशाला घेऊन झोपतात आणि चाळिशीचं 'पोरगं' खताच्या पिशवीसाठी त्यांच्यापुढं उभं राहतं. ययाती घेतलेलं परत करतो, तिथं मात्र कथानक पटत नाही.

'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर 1963 साली पुण्याला शिकून हात हलवत गावी आला आणि साहित्यात खळबळ माजली. आता कळंब-वाशीचे कैक पांडुरंग पुण्यात अभ्यासिकेची फी भरून तेच करतात. खळबळ फक्त घरी माजते. बरं, सांगवीकराला जागा कधी निघणार याची वाट तरी बघायची नव्हती.

'छावा'चं काम सोपं. कादंबरी 1979 ची; आमच्याकडं ती 2025 च्या फेब्रुवारीत पॉपकॉर्न खात वाचली गेली. "पुस्तकापेक्षा पिक्चर भारी" म्हणणाऱ्याला पुस्तकात काय होतं ते विचारू नये. अंगावर येतात.

आता घरचा विषय. 2024 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार 'उसवण'ला मिळाला. लेखक देविदास सौदागर, आपल्या तुळजापूरचे, स्वतः शिंपीकाम केलेले. रेडिमेड कपड्यांनी ज्याचा धंदा बसवला, त्या शिंप्याची ही गोष्ट. ग्रुपवर हारतुऱ्यांचा आणि हात जोडलेल्यांचा नुसता पूर! 'आपल्या मातीतला माणूस' सगळ्यांनी लिहिलं, पान एकानंही उलटलं नाही. माझं मत विचाराल तर या यादीत मला घड्याळ न बघता वाचवलेली ही एकच. हिच्यात कुणी भाषण करत नाही. शिंप्यावर याआधी रा. रं. बोराड्यांनी 1971 मध्ये 'पाचोळा' लिहिली, तीही आपल्याच बोलीत. या पन्नास वर्षांत मराठवाड्यातल्या शिंप्याचं काही बरं झालं नाही, कादंबऱ्या तेवढ्या चांगल्या झाल्या.

आमच्या कोपऱ्यावरच्या टेलरकडं बघा. भिंतीवर सफारीतल्या रुबाबदार माणसाचा जुना फोटो, आणि मशीनवर काय, तर चेन बदलणे, पँट आखूड करणे, फॉल-पिको. नवं कापड कधी आलंच तर ते गणपतीच्या मखराचं.

तिथंच अण्णा भेटले. कट्ट्यावरचे ज्येष्ठ, चहा उचलणारे तेच. माझ्या हातात 'उसवण' बघून म्हणाले, "यात लढाई-बिढाई हाय का?"

"हाय की. रेडिमेडसंगं."

"मग जिंकतं कोन?"

मी त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीकडं बघितलं. लग्नसराईसाठी सोलापूरहून आणलेलं नवंकोरं जाकीट, लेबलसकट. खांद्यात ढगळ होतं. टेलरनं चॉकनं खूण केली आणि ऐंशी रुपये सांगितले.

"ऐंशी?" अण्णा कडाडले. "नुसता खांदा तर दाबायचाय! चाळीस देईन."