बिनघाशे

दाजींचा फोन आला तेव्हा मी कढई घासत होतो. कामाच्या मावशी दोन दिवस सुट्टीवर, आणि आदल्या रात्रीची बटाट्याची भाजी कढईच्या बुडाला ठाण मांडून बसलेली.

“काय करतोयस?”

“घासतोय.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग दाजी अगदी कीर्तनकाराच्या थाटात म्हणाले, “घासण्याचे दिवस गेले आता.”

मला वाटलं, कढईसाठी काही नवीन पावडर निघाली असेल. पण ते बोलत होते त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांबद्दल. न घासता, प्रायमर न मारता थेट लावायचा रंग त्यांना सापडला होता. डबा उघडायचा, ब्रश बुडवायचा, मारत सुटायचं. एका दुपारात किचन नवं. “रविवारी ये,” म्हणाले, “बघायला.” मदतीला ये म्हणाले नाहीत, कारण मदत लागण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुक्काम सिंहगड रोड. एका बँकेत पस्तीस वर्षं काढून निवृत्त झाले. बँकेत त्यांचा दरारा असा, की सही चौकटीबाहेर गेली, फॉर्म परत. तारखेवर खाडाखोड दिसली, फॉर्म परत. “खालचा बारीक मजकूर वाचलात का?” हे त्यांनी जितक्या लोकांना विचारलंय, तितक्यांना मी आयुष्यात नमस्कार केलेला नाही. निवृत्तीनंतर मात्र माणूस उलटा फिरला. प्रत्येक कामातली मधली पायरी गाळायची, हाच एक ध्यास. छोले न भिजवता थेट कुकरात, मग शिट्ट्या मोजायला सगळं घर बसलेलं. शर्ट बिनइस्त्रीचे. योगासनं खुर्चीत बसून. ताई म्हणते, “कांदेपोहे गाळून थेट अक्षतांना आले असते, पण बाबांनी ऐकलं नाही.”

असे लोक मी आता ओळखायला लागलोय. प्रत्येक सोसायटीत दोन-तीन असतातच. मी त्यांना बिनघाशे म्हणतो. त्यांना आळशी म्हणू नका, उलट एक पायरी गाळण्यासाठी ते चार पायऱ्यांची मेहनत करतात. दाजींनी या रंगाचे जेवढे व्हिडिओ पाहिले, तेवढ्या वेळात आमचं अख्खं घर घासून झालं असतं.

रविवारी गेलो तर ओट्यावर डबा विराजमान. आकाशी आणि हिरव्याच्या मधला रंग. “बदकाच्या अंड्याचा निळा,” दाजी म्हणाले.

“बदकाचं अंडं बघितलंय कोणी?” दाजींच्या आईंनी आतून विचारलं. आई शहाऐंशीच्या. दिसतं कमी, पण ऐकू सगळं येतं.

मग दाजींनी मला इतिहास ऐकवला, आणि तो मात्र खरा होता, मी नंतर तपासला. या प्रकारचा रंग इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या अ‍ॅनी स्लोन या बाईंनी १९९० साली आणला. वाळल्यावर खडूसारखा मऊ, बिनचमकीचा दिसतो म्हणून नाव चॉक पेंट. जुन्या लाकडी फर्निचरवर, फारशी तयारी न करता बसतो, ही त्याची ख्याती. दाजींचा डबा त्या बाईंचा नव्हता, तसाच दुसरा कुठला तरी होता. पण बिनघाशांना मूळ आणि तसाच यातला फरक ही आणखी एक गाळण्यासारखी पायरी वाटते.

“खडू म्हणजे व्हाइटिंग ना?” आई पुन्हा आतून. “आमच्या वाड्यात डिस्टेंपर द्यायचे, त्यात तेच असायचं. व्हाइटिंग नि सरस. भिंतीला टेकलं की पाठ पांढरी.”

“आई, हे इंग्लंडचं आहे.”

“म्हणजे पाठ निळी होईल.”

मी एक शंका काढली. ट्रॉल्यांची शटरं सनमायकाची. सनमायका म्हणजे काचेची मावसबहीण. त्यावर ओरखडे पाडल्याशिवाय रंग धरणार कशाला? रंगारी लोक पॉलिश पेपर मारतात तो काही हौस म्हणून नाही. त्या बारीक बारीक रेघांत रंग बोटं रोवून बसतो. यावर दाजींनी एकदम शिशाचा मुद्दा काढला. जुन्या रंगात शिसं असतं, घासलं की ते धुळीतून नाकात जातं. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त नको, हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा काय भरवसा? मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. बिनघाशांचं हेच तर वैशिष्ट्य, एक मुद्दा त्यांच्याकडे नेहमी बिनतोड असतो.

“पण दाजी, तुमच्या ट्रॉल्यांवर रंगच नाहीये. सनमायका आहे.”

“मी तत्त्वाचं बोलतोय.”

डब्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की पृष्ठभाग स्वच्छ, कोरडा आणि तेलकटपणा नसलेला हवा. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. फॉर्म परत करणाऱ्या त्या माणसाने खांद्यावरचा पंचा काढला, गॅसशेजारच्या शटरवरून एक हात फिरवला आणि म्हटलं, “झालं स्वच्छ.” त्या शटरने वीस वर्षं मोहरी-हिंगाच्या फोडण्या सोसल्या होत्या. पंच्याने ते तेल निघालं नाही, फक्त सगळीकडे सारखं वाटलं गेलं.

पहिला ब्रश मी डोळ्यांनी पाहिला. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब पळतो तसा रंग त्या तेलावरून पळाला आणि कडेला गोळा होऊन थरथरत उभा राहिला. मधोमध बटणाएवढे उघडे गोल. दाजींनी गोलांवर पुन्हा ब्रश मारला. गोल पुन्हा उघडे. “पहिला हात असाच असतो,” म्हणाले. दुसऱ्या हाताला गोल बुजले, कारण रंगाचा थरच आता साबुदाण्याच्या खिरीइतका जाड झाला होता. तिसऱ्या हाताला डबा संपला आणि चार शटरं उरली.

इथे दुसरा एखादा दुकानात गेला असता. दाजींनी दुकानाची पायरीही गाळली. चॉक पेंट घरी करता येतो, साध्या इमल्शनमध्ये थोडं प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवून घालायचं, हेही त्यांनी पाहून ठेवलं होतं. गणपतीच्या मखरातून उरलेली प्लॅस्टरची पिशवी माळ्यावर होतीच. प्रमाण चमच्यात सांगितलं होतं, दाजींनी वाटीत घेतलं. ढवळता ढवळता दारावर कुरिअरवाला आला. सही करून, पावतीवरची तारीख तपासून परत येईपर्यंत मिश्रण आवळून बसलं होतं. ताईचा पितळी डाव त्या पातेल्यात उभाच्या उभा राहिला. अजून तसाच आहे. ताईने ते पातेलं बाल्कनीत तुळशीशेजारी ठेवलंय, दाजींना रोज दिसेल असं.

एक दुपार झाली, दुसरी झाली. मग मेणाचं प्रकरण निघालं. हा रंग लावून भागत नाही, वर मेण लागतं, नाहीतर पाण्याचे डाग पडतात. मेण नुसतं लावायचं नसतं. फडक्याने गोल गोल चोळायचं, जिरवायचं, जास्तीचं पुसायचं, चमक हवी तर दुसऱ्या दिवशी परत चोळायचं. मी सहज विचारलं, “दाजी, चोळणं म्हणजे घासणंच ना?” त्यांनी उत्तर दिलं नाही. शिवाय मेण आणि रंग पूर्ण पक्के व्हायला तीन-चार आठवडे जावे लागतात, तोवर ओल्या फडक्याने रगडून पुसायचं नाही. ज्या घरात दिवसातून तीनदा फोडणी पडते, तिथे तीन आठवडे ट्रॉलीला ओलं फडकं लावायचं नाही, हे ताईला सांगायचं काम दाजींनी माझ्यावर सोपवलं. मी ते गाळलं.

सगळ्यात कमाल पुढेच आहे. या रंगाची एक फॅशन अशी, की वाळल्यावर कोपरे आणि कडा पॉलिश पेपरने हलकेच घासून काढायच्या, म्हणजे वस्तू आजोबांच्या काळातली दिसते. आधी घासावं लागू नये म्हणून घेतलेला रंग, नंतर जुना दिसावा म्हणून घासायचा! दाजींना हेही करून बघायचं होतं, म्हणून ते पॉलिश पेपर घेऊन आले. तेवढ्यासाठी भवानी पेठेत, टिंबर मार्केटपर्यंत. दुकानदाराने नंबर विचारला. आयुष्यभर आकड्यांत वावरलेल्या माणसाला वाटलं, आकडा मोठा तर दाणा मोठा. हलका हात हवा म्हणून त्यांनी ऐंशी नंबर मागितला. पॉलिश पेपरचं गणित उलटं आहे. ऐंशीचा कागद म्हणजे खवणी. एका फटक्यात कोपऱ्यावरचा रंग गेला, सनमायका गेला आणि खालचा प्लाय दात विचकून हसला.

“जुनं दिसतंय,” मी म्हणालो.

“गप्प बस.”

ट्रॉल्यांवर थांबले असते तर निभावलं असतं. पण बिनघाशाला हातातला ब्रश ठेवता येत नाही. नवा डबा आणला होता, त्यातला उरलेला रंग त्यांनी आईंच्या कपाटाला लावला. ते कपाट सागवानी, आईंच्या लग्नातलं. २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं ते आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरहून. आईंचं कपाटही त्याच चंद्रपूरकडचं, असं त्या सांगतात. त्या लाकडाला बदकाच्या अंड्याचा निळा! आई दुपारच्या झोपेत होत्या, म्हणून हे घडू शकलं.

सागाच्या लाकडात स्वतःचं तेल असतं, स्वतःचा रंग असतो. पाण्यातला रंग वर बसला की तो आतला रंग पाण्याबरोबर वर चढतो. दुसऱ्या दिवशी सकाळी निळ्यावर पिवळट-तपकिरी डाग उमटले, चहा सांडल्यासारखे. दाजींनी वर आणखी एक हात दिला. डागही आणखी एक हात वर आले. त्यांची अशी शर्यत तीन दिवस चालली.

चौथ्या दिवशी आईंनी कपाटाशी खुर्ची ओढली. डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणून त्यांनी हात फिरवला. मग अंगठ्याचं नख कडेला लावलं आणि अलगद उचललं. पोस्टकार्डाएवढा पोपडा सबंध सुटून हातात आला.

“बदकाचं अंडं म्हणालास ना,” त्या म्हणाल्या, “टरफल आहे हे.”

न्यायाने सांगायचं तर सगळीकडचा रंग काही सुटला नाही. फरशीवर जे चार थेंब पडले ते आजही आहेत. दाजींच्या खाकी चड्डीवर आहे. माळ्यावरचा एक खरबरीत, कधी पॉलिश न पाहिलेला आंब्याच्या लाकडाचा पाट त्यांनी ब्रश पुसायला घेतला होता, त्यावर तर असा बसलाय की नखानेच काय, सुरीनेही निघत नाही. रंगात खोट नव्हतीच. त्याला फक्त धरायला काहीतरी हवं होतं.

मग ताईने रंगारी बोलावला. सोलापूरकडचे गृहस्थ, पन्नाशीचे, बोलायला कमी. त्यांनी शटरवर बोट टेकवलं, बोटाचा वास घेतला आणि विचारलं, “फोडणीचं तेल कोणतं, शेंगदाण्याचं?” ताई म्हणाली, हो. एवढ्यावर ते कामाला लागले. आधी धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी, मग साधं पाणी, मग वाळवण. मग एकशे ऐंशीचा कागद. दाजी स्टूल घेऊन शेजारी बसले आणि त्यांना बिनघाशी तत्त्वज्ञान समजावू लागले. रंगाऱ्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं.

“काका,” शेवटी म्हणाले, “काचंवर पाल चढती. रंग नाय.”

दोन दिवस घरात खस्स-खस्स एवढा एकच आवाज होता. आई म्हणाल्या, बऱ्याच दिवसांनी घरात कुणी कामाचं माणूस आल्यासारखं वाटतंय. मग सनमायकावर धरणारा प्रायमर, मग रंगाचे दोन पातळ हात, आणि दोन हातांच्या मध्ये रंगारी चक्क घरी निघून गेले, वाळू दे म्हणून. हे दाजींना फार लागलं. माणूस काहीही न करता जातो आणि त्याचेही पैसे घेतो!

आईंचं कपाट खरवडून साफ करायला तीन दिवस गेले. त्याला रंगाऱ्यांनी रंग दिलाच नाही. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाची पुरचुंडी फडक्यात बांधून हात देत राहिले. पातळ, पातळ, किती हात ते मी मोजायचं सोडून दिलं. झारखंडकडच्या झाडांवर बसून कुणा किड्यांनी केलेली ती लाख सिंहगड रोडच्या तिसऱ्या मजल्यावर मधासारखी झळकायला लागली. आईंनी पुन्हा हात फिरवला. नख लावलं नाही.

परवा ताईकडे हळदीकुंकू होतं. मी वाण आणून द्यायला गेलो होतो. सोसायटीतल्या बायका किचनच्या दारातच थबकलेल्या. किती छान झालंय, कोण करून देतं, किती दिवस लागले, सगळे प्रश्न एकदम. दाजी डायनिंगच्या खुर्चीत बसल्या बसल्या ताडासन करत होते. त्यांनी हात खाली आणले.

“एका गोष्टीचं समाधान आहे,” ते म्हणाले. “मी अजिबात घासलेलं नाही.”

ताईने हातातलं तिळगुळाचं ताट माझ्याकडे दिलं आणि बाल्कनीतून ते पातेलं आणायला गेली.