एका बोटाचं विमान

आमच्या वरच्या मजल्यावरचं पोरगं रोज रात्री जेवण झालं की नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर विमान उतरवतं. खोलीत बसून. कॉम्प्युटर सव्वा लाखाचा, त्याच्या डब्यात रंग बदलणारे पाच पंखे. मे महिन्यात घरातला कूलर या डब्यापुढे असतो आणि पोराचे आईवडील ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन गॅलरीत. पोराच्या हातात मात्र अडीचशे रुपयांचा माउस. त्याचं चाक म्हणजे विमानाचा थ्रॉटल.

"अबे, काहून? एखादा दांडा घे ना."

"काका, चाकानं मस्त होते. एक टक म्हणजे थोडी पॉवर."

परवा मागे उभं राहून पाहिलं. विमान सेस्ना १७२. तिचा थ्रॉटल म्हणजे एक काळी मूठ. आत ढकलली की पॉवर वाढते, बाहेर ओढली की कमी होते. समोर ३२०० मीटरची धावपट्टी, विमान जरा उंच राहिलेलं, पॉवर कमी करायची. त्यासाठी माउसचा बाण त्या मुठीवर न्यायचा. बाण कुठे? ढगात. ढग पांढरा, बाणही पांढरा. माउस गदागदा हलवून बाण सापडला, मुठीवर आणला, तेवढ्यात हवेचा झटका बसला, कॉकपिट हललं, मूठ बाणाखालून सटकली आणि बाण शेजारच्या लाल मुठीवर. ती इंधनाच्या मिश्रणाची. टक, टक, टक. इंजिन बंद. सोनेगाव राहिलं बाजूला, पोरगं वर्धा रोडवर.

याच सोनेगावात १९४९ पासून रात्रीच्या टपालाची विमानं मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासहून मध्यरात्री येत, थैल्या बदलून परत जात. त्यातल्या डाकोटा विमानाला इंजिनं दोन, थ्रॉटलचे दांडे दोन, दोन्ही एका मुठीत. वैमानिकाची नजर बाहेरच्या काळोखावर असायची. हाताचं काम हाताला ठाऊक होतं.

पण पोराला काय बोलू? जगातून मुठीच गेल्या. एप्रिलमध्ये मी पंखा घेतला. त्याला रेग्युलेटर नाही, ॲप आहे. परवा रात्री लाइन गेली. आली तेव्हा पंखा एकवर, आणि वायफायचा पत्ता नाही. घामाच्या बोटानं मोबाइल उघडेना. चष्मा शोधला, मोबाइल उघडला, वायफाय आलं, तर ॲप म्हणतं आधी अपडेट करा. अरे, पंखा आहे तो! पंख्याला कसलं अपडेट? तीन पाती आहेत, फिरव! अपडेट झालं, मग त्यानं पासवर्ड मागितला. पासवर्ड माझ्या पोरीला माहीत, पोरगी पुण्यात, रात्रीचे दोन. पूर्वी भिंतीवर काळं गोल बटण असायचं. झोपेत, डोळे न उघडता, खट करून पाचवर नेता यायचं. ते कुणाला टोचत होतं?

राजेहो, कुणाच्या माळ्यावर तसला काळा, गोल, खटखट वाजणारा रेग्युलेटर पडला असेल तर कळवा. सीताबर्डीत विचारलं, दुकानदार हसला. जुन्या पंख्यासकट असेल तरी चालेल. न्यायला मी स्वतः येईन.