दोनशे वर्षांपूर्वीचं, नवंकोरं

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मराठी माणसासमोर ‘मिशन सॅन होजे’ म्हटलं की त्याला आधी त्या नावाची शाळा आठवते, मग त्या शाळेच्या हद्दीतल्या घरांच्या किमती आठवतात, आणि मग तो प्यायला पाणी मागतो. त्याच नावाचं स्पॅनिश पाद्र्यांचं एक धर्मप्रसाराचं ठाणं जवळच, ११ जून १७९७ पासून उभं आहे, ही माहिती त्याच्यापर्यंत पोचते ती मूल चौथीत गेल्यावर. (‘उभं आहे’ हे शब्द तूर्त जपून वाचावेत.)

कॅलिफोर्नियात चौथीला राज्याचा इतिहास असतो आणि त्यात मिशनांचं प्रकरण मोठं. सॅन डिएगोपासून सोनोमापर्यंत एकवीस मिशनं. पहिलं १७६९ मध्ये हुनिपेरो सेर्रा ह्या फ्रान्सिस्कन पाद्र्याने स्पेनच्या राजाच्या नावाने उभारलं आणि शेवटचं १८२३ मध्ये झालं, तोवर मेक्सिको स्वतंत्र होऊन राजाचा संबंधही संपला होता. ह्यातल्या एका मिशनाची प्रतिकृती घरून करून आणायची, असा चौथीचा शिरस्ता होता. साखरेचे चौकोनी खडे, थर्माकोल, कौलांसाठी रंगवलेली मॅकरोनी; हस्तकलेच्या दुकानात तयार संचसुद्धा मिळतात. मराठी बाप ह्या कामासाठी हपापलेलाच असतो. दिवाळीतला किल्ला करणं सुटून त्याला वीस वर्षं झालेली असतात. “बाबा, इथे मावळे नव्हते,” असं मुलीने सांगेपर्यंत घंटाघराखाली बुरूज झालेला असतो आणि बापाचे हात गेरूने लाल.

हा आनंद फार टिकला नाही. राज्याने २०१६ मध्ये स्वीकारलेल्या इतिहासाच्या आराखड्याने शिक्षकांना सुचवलं की मिशनांच्या प्रतिकृती करून घेण्यात फारसा अर्थ नाही. तिथे राबवलेल्या मूळ रहिवाशांबद्दल मुलांनी वाचावं आणि लिहावं. सूचना योग्यच होती. पण त्यामुळे फ्रीमाँटच्या एका घरातल्या गृहस्थांना थर्माकोल ठेवून कॅमेरा काढावा लागला. एकामागून एक मिशनं पाहायची, मुलगी लिहिणार, हे फोटो काढणार, अशी वाटणी ठरली. सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेली त्यांची आई सोबत येणार हे कोणी ठरवलं नव्हतं. ती गाडीत आधीच बसली होती.

गृहस्थांची फोटोबाबत एकच अट होती. फोटो जुन्या वास्तूचा हवा. त्यात विजेची तार, पार्किंगची पाटी, कचऱ्याचा डबा आणि दुसऱ्या कोणाचा बाप नको.

सुरुवात घरच्या मिशनापासून. पांढऱ्या भिंती, लाल कौलं, मागे हिरव्या टेकड्या. गृहस्थ गुडघ्यावर बसून कोन शोधत होते. तेवढ्यात आईने फलक वाचून काढला. मूळ चर्च २१ ऑक्टोबर १८६८ च्या भूकंपात कोसळलं. त्या जागी लाकडाचं गॉथिक चर्च झालं. पुढे ते लाकडी चर्च उचलून सॅन माटेओला नेलं आणि जुन्यासारखं नवं बांधलं. ते पूर्ण झालं १९८५ मध्ये.

“अरे, आपली सोसायटी एक्क्याऐंशीची,” आई म्हणाली. “तिचा कधी काढलास का फोटो?”

शेजारची वस्तुसंग्रहालयाची मातीच्या विटांची लांबट ओळ तेवढी जुन्यातली. ती बुटकी असल्याने फोटोत कोणी घेत नाही.

ह्या सगळ्या प्रवासाची गोम हीच होती आणि ती गृहस्थांच्या लक्षात हळूहळू आली. कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर मातीच्या कच्च्या विटांनी, उंच घंटाघरं करून, भूकंपाच्या भेगांशेजारी बांधकाम करायचं म्हणजे ते पडणारच. जे भूकंपाने पडलं नाही ते पावसाने विरघळलं. १८३३ मध्ये मेक्सिकोने मिशनांची मालमत्ता चर्चकडून काढून घेण्याचा कायदा केला, मग कौलं आणि तुळया आसपासच्या लोकांनी नेल्या. कौल गेलं की कच्ची वीट दोन-चार पावसाळ्यांत पुन्हा चिखल होते. सोलेदाद मिशन असंच जवळजवळ जमिनीला मिळालं. त्यामुळे आज पर्यटक ज्याला ‘अस्सल जुनं’ म्हणतो ते बहुतेक विसाव्या शतकातलं असतं.

सांता क्रूझचं चर्च १८५७ मध्ये पडलं आणि १९३१ मध्ये त्याची प्रतिकृती झाली, ती साधारण निम्म्या आकाराची. तिथे वाइड अँगल लेन्स लावली तर चर्च देवघराएवढं दिसतं. खाली बसून, कॅमेरा वर करून, शेजारी माणूस न येऊ देता काढावं, मग भारदस्त येतं. आई नेमकी दारात जाऊन उभी राहिली आणि चौकटीला हात टेकला. सान राफाएलचं चर्च १९४९ चं. सान फर्नांदोचं १९७१ च्या भूकंपात गेलं आणि तीन वर्षांत पुन्हा उभं राहिलं. ला पुरिसिमा तर मंदीच्या काळात सरकारी कामावर घेतलेल्या तरुण पोरांनी जुन्या पद्धतीने हाताने विटा पाडून नव्याने उभारलं. काम सुरेख झालं, पण लोकार्पणाचा दिवस निवडला ७ डिसेंबर १९४१. त्या सकाळी पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले आणि मिशनाची बातमी कुठल्या कुठे गेली.

मिशनांची राणी म्हणवणाऱ्या सांता बार्बराची कथा आणखी नाजूक. तिचं दर्शनी तोंड पाद्र्यांनी व्हिट्रुव्हिअस ह्या रोमन वास्तुकाराच्या पुस्तकातल्या चित्रावरून बेतलेलं; म्हणजे चारी बाजूंना रानमाळ आणि समोर ग्रीक-रोमन खांब. १९२५ च्या भूकंपात मनोरे कोसळले. दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीतलं काँक्रीट आतल्या रासायनिक क्रियेने फुगून तडकायला लागलं, म्हणून १९५० नंतर मनोरे आणि दर्शनी भाग उतरवून पुन्हा बांधले. राणीचा चेहरा असा दोनदा करून घेतलेला आहे. फोटो मात्र अप्रतिम येतो, हे कबूल करायला हवं. पुढचा गुलाबांचा ताटवा घेतला तर अधिकच.

बहुतेक मिशनं आजही चालती चर्चं आहेत, हा फोटो काढणाऱ्याचा दुसरा वैताग. शनिवारी लग्न, रविवारी प्रार्थना. बऱ्याच ठिकाणी आत फ्लॅश नको, तिपाईला परवानगी हवी. गृहस्थ एका कमानीसमोर सावली हटायची वाट पाहत बराच वेळ थांबले, आणि सावली हटली तेव्हा कमानीतून नवरी, नवरा, बारा करवल्या आणि त्यांचा छायाचित्रकार बाहेर आला. छायाचित्रकाराने गृहस्थांना हाताने बाजूला व्हायची खूण केली. त्याच्याही फोटोत कोणाचा बाप नको होता.

असल्या तक्रारी ऐकल्या की कार्लटन वॉटकिन्सची आठवण काढावी. हा सॅन फ्रान्सिस्कोचा छायाचित्रकार १८८० च्या आगेमागे मिशनांचे फोटो काढत फिरला. त्याची मोठी काच अठरा बाय बावीस इंचांची. तीवर ओलं रसायन फासायचं, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायचा. सगळा कारभार काही मिनिटांचा. काचा, बाटल्या, तंबू आणि कॅमेरा खेचरगाडीवर. शनिवारची लग्नं त्याला आडवी आली नसतील, कारण निम्मी मिशनं तेव्हा छपरावाचून पडलेली होती. त्याच्या फोटोंत ती तशीच दिसतात: भेगा, निवडुंग, एखादी गाय. आणि पुढे जीर्णोद्धार करणारे मूळ रूप कसं होतं हे पाहायला असल्याच जुन्या फोटोंकडे आणि रेखाचित्रांकडे वळले. म्हणजे बऱ्याच ठिकाणी फोटो आधीचा आणि इमारत नंतरची. वॉटकिन्सचा स्वतःचा स्टुडिओ १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत नष्ट झाला. मिशनांची साथ त्याने शेवटपर्यंत केली म्हणायची.

पडक्या भिंतींची लोकांना हौस लागली ती हेलन हंट जॅक्सन ह्या लेखिकेमुळे. मूळ रहिवाशांवरचा अन्याय वाचून लोक पेटून उठावेत म्हणून तिने १८८४ मध्ये ‘रमोना’ ही कादंबरी लिहिली. लोक पेटून उठले आणि आगगाडीची तिकिटं काढून मिशनं पाहायला आले. १८८८ मध्ये बाजारात आलेल्या कोडॅकने उरलेलं काम केलं. मग चार्ल्स लमिस हा पत्रकार आला. हा गडी ओहायोतून लॉस एंजेलिसपर्यंत चालत आलेला, अंगात हिरवं कॉर्डरॉय. त्याने १८९५ मध्ये लँडमार्क्स क्लब काढून पडणाऱ्या भिंतींना टेकू द्यायला पैसे जमवले. १९०६ पासून मिशनांना जोडणाऱ्या जुन्या ‘राजरस्त्या’वर खुणेच्या घंटा लागल्या, त्यांच्यामागच्या मिसेस फोर्ब्सबाईंनी पुढे घंटा ओतायचा कारखानाच घातला. मिशनं एकमेकांपासून एका दिवसाच्या मजलेवर आहेत असं त्या रस्त्यावर सगळे सांगतात. पहिलं सॅन डिएगोला आणि दुसरं थेट माँटेरीला झालं, मधली भरायला तीसहून अधिक वर्षं लागली. तोवर ती मजल कोणी मारली, हे विचारलं की विषय बदलतो.

सान हुआन कापिस्त्रानोला गृहस्थांना एकदाचं हवं ते मिळालं: खरंखुरं पडकं. तिथलं दगडी चर्च बांधायला नऊ वर्षं लागली, १८०६ मध्ये पूर्ण झालं, आणि ८ डिसेंबर १८१२ च्या सकाळी, प्रार्थना चालू असताना भूकंपाने त्याचं छत खाली आलं. सुमारे चाळीस माणसं मेली, बहुतेक सगळी मूळ रहिवासी. हे कोणी पुन्हा बांधलं नाही. १८४५ मध्ये हे मिशन लिलावात ७१० डॉलरला गेलं होतं. विकत घेणाऱ्यांत गव्हर्नरचा मेव्हणा होता, हे वाचून आईला कॅलिफोर्निया पहिल्यांदा ओळखीचं वाटलं.

पण कापिस्त्रानोची कीर्ती भिंगऱ्यांमुळे. अर्जेंटिनाहून दर वर्षी १९ मार्चला, सेंट जोसेफच्या दिवशी, त्या इथे परततात, अशी ख्याती. त्यावर १९४० च्या सुमारास एक गाणंही अमेरिकाभर गाजलं. नंतर भग्न भिंती बळकट करायच्या कामात त्यांची मातीची घरटी निघाली आणि पाखरं आसपासच्या पुलांखाली राहायला गेली. मग मिशनाने पक्षितज्ज्ञाच्या सल्ल्याने भिंगऱ्यांच्या आवाजाच्या ध्वनिफिती वाजवल्या आणि भिंतीवर नकली घरटी लावली. गृहस्थांनी लांब लेन्सने टिपलेलं सगळ्यात देखणं घरटं प्लास्टरचं निघालं.

सान हुआन बाउतिस्ताला तर लोक नसलेल्या वस्तूचा फोटो काढायला येतात. हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’मध्ये (१९५८) नायिका ज्या मनोऱ्यावर चढते, तो मनोरा तिथे नाही. जुना पूर्वीच पाडला होता. सिनेमातला रंगवलेल्या चित्रांनी आणि स्टुडिओतल्या करामतींनी उभा केला. आजही माणसं अंगणात मान वर करून त्याला शोधतात. त्यांनी मान खाली घातली तर बरं. चर्चच्या फरशीत प्राण्यांचे पंजे उमटलेले आहेत: फरश्या ओल्या असताना, उघड्यावर वाळत घातलेल्या असताना, रात्री कोणी जनावर वरून चालत गेलं. ह्या फरश्या पाडणारी माणसं तिथली मुत्सुन. मुलीने वहीत पहिली पूर्ण पानभर नोंद केली ती ह्या पंजांची, आणि फोटो स्वतःच्या फोनवर काढला, कारण बाबा मनोऱ्याची जागा शोधत होते.

ह्या नोंदवहीत हळूहळू बाबांच्या फोटोंत नसलेली माणसं जमत गेली. बाप्तिस्मा झालेल्या माणसाला मिशन सोडून जायची मोकळीक नव्हती. गेला तर शिपाई धरून आणत, फटके बसत. गोवर आणि इतर साथींनी वस्त्याच्या वस्त्या गेल्या. १७८५ मध्ये सान गाब्रिएलला तोयपुरिना ह्या तरुण स्त्रीने उठावाचा कट केला. घरच्या मिशन सॅन होजेतून बाहेर पडून एस्तानिस्लाओने १८२० च्या दशकात लढा दिला. आज स्टॅनिस्लॉस नदी आणि परगणा त्याच्या नावाचे आहेत. गृहस्थ त्या नदीकाठी तंबू ठोकून आले होते. त्यांना वाटलं होतं, कोणी पोलिश असेल.

सॅन फ्रान्सिस्कोचं मिशन दोलोरेस शेवटी ठेवलं होतं आणि पोचेपर्यंत दुपार झाली. चर्चचं तोंड पूर्वेला, म्हणजे दुपारी सूर्य पाठीमागे आणि दर्शनी भाग सावलीत. शेजारची मोठी, नक्षीदार बॅसिलिका पाहून बसमधून उतरणारी मंडळी तिचेच फोटो काढतात आणि बुटक्या पांढऱ्या मिशनाला पाठ लावून उभी राहतात. ते बुटकं मात्र अस्सल: १७९१ ची इमारत, १९०६ च्या भूकंपातून वाचलेली, छतावर ओलोनी लोकांच्या नक्षीचे रंगीत पट्टे. मागच्या दफनभूमीत ‘व्हर्टिगो’साठी ठेवलेला कार्लोटा वाल्देस ह्या पात्राच्या नावाचा खोटा दगड काही काळ टिकला होता, लोक त्याचे फोटो काढत. त्या आवारात पाच हजारांहून अधिक मूळ रहिवासी पुरलेले आहेत. त्यांतल्या फार थोड्यांच्या नावाचा दगड आहे.

आणि तिथला खरा जुना ऐवज फोटोत येतच नाही. मुख्य वेदीच्या मागच्या भिंतीवर ओलोनी चित्रकारांनी काढलेलं भित्तिचित्र आहे. १७९६ मध्ये त्याच्यापुढे लाकडी वेदी उभी राहिली आणि ते झाकलं गेलं. २००४ मध्ये बेन वुड हा कलाकार आणि एरिक ब्लाइंड हा पुरातत्त्वज्ञ ह्यांनी माळ्यावरून मधल्या अरुंद पोकळीत कॅमेरा सोडला, अंधारात तुकड्यातुकड्याने फोटो घेतले, आणि ते चित्र शेजारच्या बॅसिलिकेच्या घुमटात आतून प्रकाशाने पाडून लोकांना दाखवलं. तिपाई नाही, कोन नाही, डोळा भिंगाला लावायला जागाही नाही. हे ऐकून गृहस्थांनी आपली बॅग हळूच खांद्यावर टाकली.

त्या चित्राच्या एका भागाची नक्कल २०११ मध्ये बार्टलेट स्ट्रीटवरच्या भिंतीवर रंगवली गेली. तिथे आठवड्याचा बाजार भरला होता. गृहस्थांनी हातवारे करून एक माणूस, दोन सायकली आणि कांद्याची टोपली चौकटीबाहेर काढली. आई निघाली नाही. ती कोथिंबिरीचा भाव करत होती, आणि विकणाऱ्या बाईला तो प्रकार आवडला होता. मुलीच्या वहीत तोच फोटो चिकटवला आहे. खाली तिच्या अक्षरात ओळ आहे: ‘मूळ चित्र १७९१, नक्कल २०११, आजी १९५२.’