शेवटचं घर

वसईतल्या एखाद्या आळीतून कुणी रविवारी सकाळी इकडेतिकडे न बघता झपाझप चालला असेल, तर एक तर त्याचं भावकीशी जमिनीवरून बिनसलेलं असतं, नाहीतर त्याच्या खिशात कम्युनियनच्या प्रसादाची डबी असते. आमचे निवृत्त मास्तर दुसऱ्या प्रकारातले. चर्चमधली मिस्सा संपली की ते अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी निघतात. खिशात साक्षात ख्रिस्तशरीर. वाटेत थांबणं नाही, केळीच्या भावाची चौकशी नाही. एरवी पारावरून न उठणाऱ्या माणसाला हे किती जड जात असेल!

प्रापंचिकांना ही सेवा सहावे पोप पॉल यांनी १९७३ साली सर्वत्र मोकळी केली. प्रथा मात्र फार जुनी. दुसऱ्या शतकात रोममध्ये संत जस्टिन यांनी नोंदवलंय की, उपासनेला येऊ न शकलेल्यांकडे डीकन प्रसाद पोचवत. त्या डीकनांना चहाचा आग्रह होत नसे, एवढीच त्यांची सोय.

मास्तरांची खरी परीक्षा आळीतल्या एका आजींच्या घरी. टेबलावर पांढरं कापड, दोन मेणबत्त्या, सोनचाफ्याची फुलं आणि आजी मध्यरात्रीपासून उपाशी. प्रसादाआधीचा हा कडक उपास १९५३ पासून सैल होत १९६४ साली तासावर आला. आजाऱ्यांना आणि म्हाताऱ्यांना तर आता तेवढंही बंधन नाही. मास्तरांनी हे सगळं समजावून सांगितलं. आजी म्हणाल्या, “मास्तर, नियम पोपनी बदलला. माझ्या आईने नाही.” मागे सून मधुमेहाची गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन ताटकळलेली.

प्रार्थना, वचन, प्रसाद हे सगळं थोडक्यात आटोपतं. आजींना खरी भूक असते ती त्यानंतरची: कुणाचं लग्न ठरलं, फादरांची बदली कुठे झाली. पण डबीत अजून पुढच्या घरांचा प्रसाद असतो. मास्तर उठतात. सगळी सुटका शेवटच्या घरी. तिथे डबी रिकामी होते आणि मास्तरांची जीभ सुटते. हे गुपित फुटल्यापासून प्रत्येक आजारी माणसाला यादीत शेवटचा नंबर हवा आहे. देवाच्या राज्यात शेवटचे पहिले होतात असं ऐकलं होतं. इथे पहिले शेवटचे व्हायला भांडतात.

मास्तरांनी आता तोड काढलीय. येताना डबी रिकामी, तेव्हा त्याच घरांवरून उलटं यायचं आणि प्रत्येक ठिकाणी टेकायचं. आजींकडच्या चहात साखर सढळ असते. गेल्या महिन्यात मास्तरांचाही रिपोर्ट आला, आणि सुनेच्या हातात आता दोन पेले असतात.