साडेसहा गुंठे

फुटबॉलचं आंतरराष्ट्रीय मापाचं मैदान 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद. म्हणजे 7140 चौरस मीटर. अकराजणांत सरळ वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला जवळपास साडेसहा गुंठे येतात. कोल्हापुरात एवढ्या जमिनीवरून सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात, आणि आपण तेरा-चौदा वर्षांच्या पोराला खुशाल सांगतो, ‘हा तुकडा तू सांभाळ.’ त्याला तो सांभाळता येत नाही. कुणालाच येत नाही. म्हणून या खेळातल्या शहाण्या माणसांनी वेगळाच मार्ग काढला: जमीन राखत बसायचं नाही, ती आकसवायची.

आमच्या पेठेतल्या पोरांना जे सर शिकवतात, त्यांचा सगळा उद्योग हाच आहे. त्या संघात माझं पद पाण्याच्या बाटल्या भरणं आणि चपलांवर लक्ष ठेवणं एवढंच असल्यामुळे मला बघायला भरपूर वेळ मिळतो. सर मूळचे कबड्डीचे. फुटबॉलमधल्या जुन्या जाणत्यांना ते खटकतं. ‘ह्यो पकडी शिकवणार, आन् पोरं रेफ्रीचाच पाय धरणार’ हा कट्ट्यावरचा आवडता विनोद. पण मला वाटतं, सगळ्यांनी मिळून बचाव करायचा म्हणजे काय, हे कबड्डीवाल्याला आईच्या दुधातूनच कळलेलं असतं. कबड्डीत निम्मं मैदान साडेसहा मीटर बाय दहा, आणि त्यात सातजण. चढाईपटू डावीकडे सरकला की साखळी डावीकडे, उजवीकडे वळला की उजवीकडे. कोपऱ्यातला एखादा वीर घाईनं एकटाच झेपावला, तर स्वतःही बाद होतो आणि मागे खिंडार पाडून जातो. पकडीला पहिला हात घालणारा कोण, याला महत्त्व आहेच. पण दुसरा आणि तिसरा किती लवकर येतो, यावर चढाईपटू परत जातो की नाही ते ठरतं.

फुटबॉलमध्ये याला प्रेसिंग म्हणतात. हा शब्द पोरांनी मोबाइलवर ऐकलेला असतो आणि त्याचा अर्थ ‘जोरात पळणं’ असा लावलेला असतो. आमचा फॉरवर्ड म्हणजे पेठेची शान. समोरच्या बॅककडे बॉल गेला की हा सुटलाच. बॅक शांतपणे शेजाऱ्याला पास देतो, हा शेजाऱ्याकडे. शेजारी गोलकीपरला देतो, हा गोलकीपरकडे. बाकीचे दहाजण लग्नाच्या पंगतीत पुढचं पान उठायची वाट बघावी तसे उभे. गॅलरीतून टाळ्या पडतात, ‘नाद खुळा’च्या आरोळ्या उठतात आणि दहाव्या मिनिटाला शान कमरेवर हात ठेवून धापा टाकत असते.

सरांचा पहिला धडा म्हणून न पळण्याचा. कधी जायचं, ते आधी. समोरच्यानं बॉल अडवताना तो पायापासून लांब उडाला, की जायचं. पास मागे गेला, की जायचं. घेणाऱ्याचं तोंड त्याच्याच गोलकडे असलं, की जायचं. बॉल बाजूच्या रेषेजवळ गेला, तर नक्कीच जायचं. कारण रेषा हा असा बचावपटू आहे जो कधी दमत नाही आणि ज्याला कुणी चकवू शकत नाही. एरवी जागा धरून थांबायचं. जाताना नाकासमोर जायचं नाही, कमानीसारखं वळून जायचं, म्हणजे शेजाऱ्याला द्यायचा पास आपल्या अंगामागे झाकला जातो. शेवटची दोन पावलं आखूड टाकायची. पाय घालायची घाई नको. हे सगळं एका दमात सांगून सर विचारतात, “कळलं?” पोरं एका सुरात “व्हय सर” म्हणतात आणि पुढच्याच मिनिटाला शान पुन्हा एकटी सुटते.

मग सरांनी बॉलच काढून घेतला. अकरा पोरं आपापल्या जागी उभी, आणि सर मधोमध ओरडतायत, “बॉल त्यांच्या डाव्या बॅककडं!” की सगळी फळी तिकडे झुकते. “मागं दिला!” की सगळे दहा पावलं वर. “मधे आला!” की आकसून घट्ट. लांबून बघणाऱ्याला हे कवायत आणि भूतबाधा यांच्या मधलं काहीतरी वाटतं. कट्ट्यावरच्या एका आजोबांनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, “बॉलला पैसं न्हाईत व्हय? वर्गणी काढू की.”

आजोबांना वाटलं ते रियाल माद्रिदच्या माणसालाही वाटलं होतं. आरिगो साक्की मिलानचे प्रशिक्षक असताना त्यांचा सराव चोरून बघायला माद्रिदनं एक हेर पाठवला, आणि त्यानं कळवलं की हे लोक पूर्ण मैदानावर, बॉलशिवाय, समोर कुणीच नसताना खेळतायत. ही हकिगत साक्कींनीच सांगितलेली. हे साक्की मोठे खेळाडू कधीच नव्हते. आधी जोडे विकायचे. चपलांच्या गावाला या गोष्टीचं अगत्य वाटायला हरकत नाही. खेळला नाहीस तर शिकवणार कसा, असं लोकांनी हिणवलं तेव्हा त्यांचं उत्तर असं होतं, की जॉकी व्हायला आधी घोडा असावं लागतं हे मला माहीत नव्हतं. आमच्या सरांना मी हे ऐकवल्यावर ते दोन दिवस खुशीत होते.

साक्कींचा हिशोब साधा होता: सगळ्यात पुढचा फॉरवर्ड आणि सगळ्यात मागचा बॅक यांच्यात साधारण 25 मीटर अंतर, जास्त नाही. 105 मीटरचं मैदान 25 मीटरचं झालं, की साडेसहा गुंठ्यांचे दीड गुंठे होतात. संघातल्या खुलित, व्हान बास्टेन यांसारख्या दिग्गजांना हे पटेना, तेव्हा साक्कींनी पैज लावली. एका बाजूला गोलकीपर आणि चार बॅक, दुसऱ्या बाजूला हे दोघे धरून दहाजण. पंधरा मिनिटांत गोल करून दाखवा. बॉल गेला की पुन्हा मागून सुरुवात. त्या दहाजणांना एकही गोल करता आला नाही, असं साक्की सांगतात. एप्रिल 1989 मध्ये युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत याच मिलाननं रियाल माद्रिदला सान सिरोवर 5-0 नं हरवलं. हेराचा अहवाल तोवर कुठल्या फायलीत पडला होता, कोण जाणे.

जर्मनीतल्या राल्फ रांगनिक यांचा किस्सा तर माझा लाडका आहे. 1980च्या दशकात ते एका छोट्या क्लबचे खेळाडू-प्रशिक्षक होते आणि प्रशिक्षक लोबानोव्स्कींचा डायनॅमो कीव्ह संघ त्यांच्याशी मैत्रीचा सामना खेळायला आला. बॉल कुणाकडेही जावो, भोवती कीव्हचे दोन-तीनजण हजर. शेवटी खेळ थांबला असताना रांगनिकनी समोरची माणसं चक्क मोजली. अकराच होती.

पुढे 1992 मध्ये नियमही या धंद्याच्या मदतीला आला. आपल्याच खेळाडूनं पायानं मुद्दाम मागे दिलेला बॉल गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही, असं ठरलं आणि कुणी अंगावर आलं की गोलकीपरकडे मागे देऊन सुटायची पळवाट बुजली.

पण खरी गोम पुढे नाहीच, ती मागे आहे. फॉरवर्डला पळायला कुणी शिकवावं लागत नाही. त्याचं कौतुकही जागच्या जागी होतं. मैदान आकसायचं तर मागच्या चौघांना वर, पार मध्यरेषेपर्यंत यावं लागतं, आणि पाठीमागे पन्नास मीटर मोकळं रान सोडून उभं राहायला छाती लागते. ते वर आले नाहीत, तर पुढच्यांनी कितीही पळावं, मधे गुराढोरांना चरायला सोडता येईल एवढं माळरान उरतं, आणि समोरचा संघ तिथेच खेळतो. आमचा मधला बॅक भित्रा नाही, गुणी आहे. पण घरी त्याच्या आजीनं बजावलेलं, “बाळा, गोल सोडून लांब जायाचं न्हाई.” सर सांगणार वर ये, आजी सांगणार मागे थांब. पोरगं आपलं मधेच कुठेतरी. अंतर 25 मीटरचं 40 होतं ते या घरगुती तडजोडीमुळे.

सरांनी मग ऑफसाइडचा नियम घेऊन थेट आजीचं घर गाठलं. चहाचे कप आणि बिस्किटं मांडून समजावलं: आपली फळी वर आली, की तिच्या मागे आधीच जाऊन उभा राहणारा त्यांचा खेळाडू बाद धरला जातो, उलट फळी मागे राहिली, तर तो आपल्या गोलसमोर बिनधास्त वावरतो. आजीनं सगळं ऐकून घेतलं, एक बिस्कीट सरांना दिलं आणि विचारलं, “आन् त्यो मागनं पळत आला तर?”

प्रश्न अचूक होता. साऱ्या युरोपातल्या प्रशिक्षकांना हाच प्रश्न पडतो. बॉल सुटायच्या क्षणी जो फळीच्या अलीकडे असतो आणि मग धावतो, तो ऑफसाइड नसतो. त्याला अडवायचं तर बॉल मारणाऱ्यालाच मान वर करून बघायला सवड मिळू द्यायची नाही, म्हणजे परत पुढच्यांचं काम. बॅकनं वर यायचं ते फॉरवर्डच्या भरवशावर, आणि फॉरवर्डनं अंगावर जायचं ते बॅकच्या. दोघांतला एकजण जरी घरी बसला, तरी दुसऱ्याचे कष्ट वाया. सरांनी हे बिस्किटांवर करून दाखवलं. “मग पुढच्यास्नी सांगा की नीट पळा म्हणून,” एवढं बोलून आजी आत गेली. परवानगी मिळाली असं आम्ही धरून चाललो आहोत.

आता एवढी एकच विनंती गॅलरीतल्या आणि कट्ट्यावरच्या मंडळींना. आमचा बॅक मध्यरेषेवर उभा दिसला, की “आरं मागं ये, मागं ये” म्हणून ओरडू नका. तो चुकून तिथे आलेला नाही. त्याच्या डोक्यावरून एखादा बॉल जाईल, एखादा गोलही बसेल. बसू दे.