टेन्शन घेऊ नकोस

फेब्रुवारी लागला की आमच्या सोसायटीत एक प्राणी दबक्या पावलांनी हिंडू लागतो. दहावीचा बाप. आई नव्हे, तिला कामं असतात. बापाला नसतात, म्हणून तो मुलीचं टेन्शन कमी करतो.

समोरच्या फ्लॅटातले काका यंदाचे मानकरी. जूनमध्ये ते 'मुलांवर दडपण आणू नका' असं एक व्याख्यान ऐकून आले आणि त्या दिवसापासून अख्खं घर दडपणाखाली आहे. कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत काका गॅस बंद करतात. त्या घरात दिवाळीपासून वरण चावून खातात. क्रिकेट बघायचं ते आवाज बंद करून, आणि विकेट पडली की उशी तोंडात. रात्री अकराला बदामाचं दूध. बाराला दार किलकिलं करून, "झोप आली तर झोप हं." सव्वाबाराला, "झोपलीस का गं?"

वर एक वही. रोज संध्याकाळी विचारायचं, "दहापैकी टेन्शन किती?"

"चार."

"चार? काल तीन होतं! काय झालं? सांग ना, बाळा. मी काही बोलणार नाही." पुढे पाऊण तास बोलतात. पोरगी शहाणी, आताशा ती रोज दोन सांगते. बाबांना झोप लागते.

खरं तर बोर्डानंच बरीच माया दाखवलीय. शंभरातले २० गुण शाळेच्या हातात. सहा विषयांतले चांगले पाच धरायचे, म्हणजे हिशेब ६०० ऐवजी ५०० चा. पेपरच्या शेवटी १० मिनिटं जास्तीची. उत्तीर्ण व्हायला ३५ पुरतात. यातलं काकांच्या वेळी एवढं ३५ च होतं. (त्यांना स्वतःला गणितात किती पडले, हे मी एकदा विचारलं होतं. तेव्हा त्यांना एकदम पाण्याची मोटर आठवली.)

गणित भाग १ च्या दिवशी मीही त्यांच्यासोबत केंद्रावर गेलो. काकूंनीच पाठवलं, "ह्यांना धरून ठेवा" म्हणून. अकरा ते एक दहा, काका उन्हात. सावलीत बसा म्हटलं तर म्हणे, "ती तिकडे आत घाम गाळतेय."

पोरगी वडापाव खायच्याच बेतात बाहेर आली. झालेल्या पेपरची चर्चा करायची नाही, हा वहीतला सातवा नियम, लाल शाईत. काकांनी तो पूर्ण एक मिनिट पाळला. मग प्रश्नपत्रिका ओढून स्कूटरच्या सीटवर पसरली आणि वहीच्या मागच्या पानावर ते निश्चयक सोडवू लागले. सोडवता सोडवता चेहरा उतरला.

"तुला वायची किंमत किती आली?"

तिनं चटणीची बोटं पुसली, वहीत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, पेन द्या. इथे वजाचं अधिक केलंत."