चालतंय की!

घरातली वस्तू भंगारवाल्याला द्यायची म्हटली की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांत रिटायर मास्तरांचा नंबर पहिला. गारगोटीत गल्लीआड असा एक सापडेल. आमच्या गल्लीतल्या मास्तरांकडं पेंटियम फोर आहे. त्यातल्या विंडोज एक्सपीचा हात मायक्रोसॉफ्टनं २०१४ सालीच सोडला. पोरगा पुण्याहून फोनवर सांगतो, "अप्पा, टाका की आता तो डबा." मास्तरांचं उत्तर ठरलेलं, "चालतंय की!"

चालत होता तो फक्त पंखा.

मग गावातल्या आयसीआरई पॉलिटेक्निकच्या एका पोरानं एक्सपी काढून पपी लिनक्स बसवलं आणि मास्तरांना डॉसबॉक्सची दीक्षा दिली. २००२ साली निघालेला हा फुकटातला प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या पोटात आणखी जुना, डॉसच्या जमान्यातला कॉम्प्युटर उभा करतो. तीनशे शहाऐंशीचा प्रोसेसर, साउंड ब्लास्टरचा आवाज, काळा पडदा, लुकलुकता कर्सर, सगळं सोंग! म्हातारा तरुणांत खपेना, तर त्याला पणजोबा करून टाकायचा. मास्तरांना हे फार पटलं. पारावर त्यांचाही हाच खाक्या आहे. डिसेंबर १९४२ मध्ये गारगोटीच्या कचेरीवर झालेल्या हल्ल्याची हकिगत ते अशी सांगतात, की ऐकणाऱ्यानं त्यांना वाकून नमस्कारच करावा. जन्म १९५५ चा.

जुने गेम वेगवान यंत्रावर पिसाळल्यागत पळतात, म्हणून डॉसबॉक्समध्ये लगामाची सोय आहे. कंट्रोल आणि एफ-११ दाबलं की वेग उतरतो, एफ-१२ नं चढतो. मास्तरांनी हे कौतुकानं काकूंना दाखवलं. काकू म्हणाल्या, "हळू करायचं बटण काय करायचंय आपल्या घरात? दुसरं कुठलं ते नीट ध्यानात ठेवा."

सुट्टीत नातू आला की 'प्रिन्स ऑफ पर्शिया' लागतो. त्यात साठ मिनिटांत राजकन्या सोडवायची असते. मास्तर पहिल्याच तळघरात तास संपवतात आणि घंटा झाल्यागत शांतपणे उठतात. राजकन्येचं पुढच्या तासाला बघू!

खरा मान मिळवून दिला तो एका दूध संस्थेच्या सेक्रेटरीनं. जुने हिशेब डॉसवरच्या फॉक्सप्रोत, फॉक्सप्रो फ्लॉपीत, आणि संस्थेच्या नव्या लॅपटॉपला फ्लॉपीची खाचच नाही. शिवाय चौसष्ट बिटांचं विंडोज डॉसच्या प्रोग्रॅमला दारातही उभं करत नाही. मास्तरांच्या डब्यात फ्लॉपी गुरगुरत आत गेली आणि सभासदांची दहा-दहा दिवसांची बिलं फॅटसकट पडद्यावर उभी राहिली. पण मूळच्या डॉसबॉक्सला प्रिंटरशी बोलता येत नाही. मास्तर कशाला हटतात? दोनशे पानी वही काढली, तांबड्या शाईनं समास आखला आणि सगळं हातानं उतरवून काढलं. वर सेक्रेटरीला शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या त्या वेगळ्याच.

तेव्हापासून दारात माणसं फ्लॉप्या घेऊन येतात. परवा सकाळी दोघं कट्ट्यावर ताटकळत बसलेले. मास्तर चहाची बशी घेऊन खिडकीशी आले, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "सर्व्हर डाऊन हाय. जेवणानंतर या."